ताजा स्टिकर, गळकं इंजिन

ऑकलंडला हिल्सबरोच्या चढावर आमचं घर आहे. इथे आल्यावर पहिली गाडी घेतली ती जपानहून आलेली जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक, एका घरगुती विक्रेत्याकडून. काचेवर वॉरंट ऑफ फिटनेसचा, म्हणजे गाडी सक्तीच्या तपासणीत पास झाल्याचा, आठवडाभरापूर्वीचा स्टिकर, म्हणून मी निर्धास्त होते. पंधरा दिवसांत दारातल्या सिमेंटवर रुपयाएवढा काळा डाग दिसला.

मिरजेला फोन लावला. बाबांची उभी हयात एसटीच्या डेपोत गेली. "रात्री खाली पुठ्ठा टाक, सकाळी बोल," एवढंच म्हणाले. सकाळी पुठ्ठ्यावर चार थेंब होते. "बोटाला लाव बाळ. वास घे." काळपट, जळक्या वासाचं, म्हणजे इंजिन ऑईल. लालसर असतं तर बहुधा गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. हिरवं-गुलाबी आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. मात्र गिअरबॉक्सचं जुनं ऑईलही तपकिरी पडतं, काही गाड्यांत ते मुळातच हिरवं किंवा निळं असतं. त्यामुळे थेंब नेमका कशाखाली पडला, हेही पाहावं लागतं.

आमचा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडत होता. गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला आणि निदान केलं: मागचं ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च ऐकून मी गप्प घरी आले. बाबा मात्र भडकले. "धुतल्याशिवाय कुणी गळती बघतं का? तेल खाली उतरतं, गाडी पळाली की वाऱ्याने मागे जातं. ओलं सगळ्यात वर कुठे आहे ते बघायला सांग."

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन धुतलं, कोरडं केलं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी फिरवून आणायला सांगितली. परतल्यावर बॉनेट उघडलं, तर पांढऱ्या पावडरीतून एक काळी रेघ मागच्या बाजूने थेट सांध्यापर्यंत उतरली होती. रेघेचा उगम वर, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगशी. तासाभराचं काम. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

आमचं पॅकिंगवर भागलं. पण गिअरबॉक्सचं ऑईल गळत असतं तर? ते कमी झालं की चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, आणि तोवर आतल्या प्लेटा जळू लागलेल्या असतात. कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांत ते मोजायला डिपस्टिकही नसते.

मग त्या स्टिकरचा अर्थ काय? ब्रेक, टायर, दिवे, सीटबेल्ट, गंज, पेट्रोलची गळती हे सारं त्या तपासणीत येतं. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ऑईलची पातळी येत नाही. इथली ट्रान्सपोर्ट एजन्सी हे स्वतःच सांगते. पण विकताना वॉरंट महिन्याच्या आतलं असावं असा नियम आहे, आणि नवा आलेला माणूस त्या ताजेपणालाच गाडीची तब्येत समजतो. डीलरकडून घेतली तर १९९३चा ग्राहक हमी कायदा पाठीशी असतो. घरगुती व्यवहाराला तो लागू नाही. विद्यार्थी, नर्स, नुकतं लग्न होऊन आलेली जोडपी, आपली बरीच माणसं पहिली गाडी घेतात ती अशाच व्यवहारात.

माझी मागणी साधी आहे. तपासणीस गाडीखाली बघतोच. दिसलेली गळती त्याने कागदावर लिहावी, भले त्यावरून गाडी नापास करू नये. विकत घेणाऱ्याला ती ओळ मिळाली पाहिजे. शिवाय नोंदलेली गळती दुरुस्त होण्याची शक्यता वाढेल. इथे पाऊस सतत असतो; रस्त्यावरचं तेल पावसाच्या गटारातून मानुकाऊच्या खाडीत उतरतं, तेही थोडं थांबेल.

तोवर, कुणी मला गाडी बघायला सोबत नेलं की मी विक्रेत्याला आधी विचारते: काल रात्री ही कुठे उभी होती? ती जागा दाखवा.