सासूबाईंच्या स्वयंपाकघरात पुन्हा एकदा

काही मालिका एकदा पाहिल्या की संपतात. झी मराठीवरची ‘अग्गंबाई सासूबाई’ माझ्यासाठी तशी नाही. २०१९ च्या जुलैत ती सुरू झाली आणि २०२१ च्या मार्चमध्ये संपली. तरीही वर्षातून एकदा तरी मी ती पुन्हा लावतेच.

निवेदिता सराफ यांची आसावरी विधवा आहे आणि पक्की सुगरण. गिरीश ओक यांचे अभिजित राजे शेफ. तेजश्री प्रधान यांची शुभ्रा ही सून स्वतः पुढाकार घेऊन सासूचे दुसरे लग्न लावून देते. नंतर मालिका ताणली गेली, बबड्याच्या उचापतींचा कंटाळा येतो. ते भाग मी सरळ पुढे ढकलते.

गोष्ट ठाऊक असली की पुढे काय होणार याची घाई नसते. मग लक्ष गॅसजवळ जाते. सासऱ्यांची मर्जी, मुलाचे लाड, आल्यागेल्याचे चहापाणी यात या बाईचे आयुष्य गेले. सगळ्यांच्या आवडी तिला तोंडपाठ; तिला काय आवडते, हे मात्र कुणी विचारलेले नाही. ते विचारणारा माणूस भेटतो, तोही रांधणाराच. म्हणून मला ही प्रेमकथा खरी वाटते.

हे स्वयंपाकघर कुलकर्ण्यांचे आहे. आमच्या कोल्हापुरी घरातला मटणाचा रस्सा किंवा ईदचा शीरखुर्मा तिथे शिजत नाही. पण आसावरी आम्हाला ओळखीची आहे. लग्नाच्या दावतीला पहाटेपासून राबणारी, सहरीला सगळ्यांच्या आधी उठणारी, ऐन तरुणपणी विधवा झालेली एखादी खाला किंवा फुफी कुणाच्या नात्यात नाही?

आपण अभिमानाने सांगतो की इस्लामने विधवेला पुनर्विवाहाचा हक्क दिला. तो दिलाच आहे. हजरत खदीजा (र.) पैगंबरांशी निकाहापूर्वी विधवा होत्या. इद्दतही चार महिने दहा दिवसांचीच. मग चाळिशीतल्या विधवेच्या निकाहाचा विषय निघताच ‘आता मुलांकडे बघ’ असे आपल्याच घरात का म्हटले जाते?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. धर्माने परवानगी दिली, राजाने कायदा दिला, गावाने ठराव दिला. अडते ते घरात, जेवायला बसल्यावर, कारण तिथे हा विषय काढायचा कुणी?

इथे मालिका कामी येते. ती पाहता पाहता आमच्याकडच्या बायका आसावरीच्या निमित्ताने जे बोलतात, ते एरवी स्वतःबद्दल कधीच बोलणार नाहीत. येत्या रमजानमध्ये एखाद्या संध्याकाळी अशा खालेला चुलीपासून उठवा, दस्तरखानावर आधी बसवा आणि तिला काय हवे आहे ते विचारा. उत्तर निकाह असेल, नसेलही. ते तिचे तिला ठरवू द्या.