बरे होण्याच्या अलीकडे

जबलपूरच्या मराठी घरांत मधुमेहाची गोळी सगळ्यांसमोर घेतली जाते, मनाच्या आजाराची मात्र स्वयंपाकघराच्या आडोशाला. 'मेडिकल' कॉलेजच्या मनोरोग विभागात दाखवायला जायचे, तर पाहुण्यांना सांगायचे की डोळे तपासायला गेले आहेत. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असली की हे मौन आणखी घट्ट होते.

ते मोडणारी माणसे आपल्यातच झाली. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते लपवण्याऐवजी वाणींनी 1997मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. रुग्ण आणि त्यांची माणसे तिथे एकमेकांशी बोलू लागली. याच आजारावरच्या 2004च्या 'देवराई' चित्रपटामागेही वाणीच होते.

या अंकातले अनुभव त्याच वाटेवरचे आहेत. 'इच्छाशक्तीने गोळ्या सोडल्या' अशा चमत्कारकथा आम्ही साभार परत केल्या. त्या वाचून कुणी औषध थांबवले तर जबाबदार कोण? इथे भेटतील ती आजारासह नोकरी, संसार, भिशी सांभाळणारी माणसे. कुणाचा आजार उलटतोही. तेही छापले आहे, कारण आशा खरी हवी. नावे अर्थातच बदलली आहेत.

पुढच्या अंकासाठी तुम्हीही लिहा, विशेषतः सांभाळणाऱ्यांनी. आणि आजच कुणाशी बोलायची निकड असेल, तर 14416 हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक दिवसरात्र, विनाशुल्क चालू असतो.