फोटोवरून शाई व जलरंगांचें चित्र

हल्लीं घरोघरीं मोबाईल झाल्यापासून फोटोंना तोटा राहिलेला नाहीं. एका लग्नांत हजार-दोन हजार फोटो सहज निघतात, आणि पुढें वर्षभरांत त्यांतले दहाहि कोणी पुनः पाहत नाहीं. अशा फोटोंतील एखादा निवडून त्यावरून शाईनें रेखाटन करावें व वर जलरंगाचा हलका हात द्यावा, हा उद्योग आम्हीं गेलीं कांहीं वर्षें फावल्या वेळीं चालविला आहे. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों. त्यांतच आमच्या एका फजितीचीहि हकीकत येईल.

फोटोवरून चित्र काढणें म्हणजे नक्कल, असा आक्षेप आमचे एक चित्रकार स्नेही नेहमीं घेतात. त्यांस आम्ही टॅल्बटची गोष्ट ऐकवितों. १८३३ सालच्या ऑक्टोबरांत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्रज गृहस्थ इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं देखावा रेखाटण्याची खटपट करीत होता. जवळ कॅमेरा ल्युसिडा नांवाचें साधन होतें. त्यांतील लोलकामुळें समोरचा देखावा कागदावर पडल्यासारखा दिसतो व त्यावरून नुसती पेन्सिल फिरवावयाची असते. तरीहि चित्र साधेना. तेव्हां, हें प्रतिबिंब आपण होऊन कागदावर उमटून तेथेंच राहील तर काय बहार होईल, असें त्याच्या मनांत आलें, आणि त्या विचारांतून निघालेली त्याची फोटोग्राफी १८३९ सालीं जगापुढें आली. ज्याला चित्र काढतां येईना त्यानें फोटो शोधला. आतां आपण फोटोवरून चित्र काढलें तर जुनें देणें फिटलें, इतकेंच!

फोटो मात्र शक्यतों स्वतः काढलेला घ्यावा. तेथें आपण उभे राहिलेलों असतों. ऊन कोणत्या अंगानें येत होतें, भिंत पांढरी होती कीं पिवळसर, हें फोटो विसरला तरी आपणांस आठवतें. आणि फोटो पुष्कळ विसरतो. छायेंतील भाग तो काळाठिक्कर करतो, आकाश कोरें ठेवतो. मोबाईल वर रोखून धरला तर देवळाचें शिखर मागें कललेलें दाखवितो व जवळची पायरी नको तेवढी मोठी करतो. ह्या चुका चित्रांत उतरवून घेण्याचें कांहीं कारण नाहीं. खांब सरळ होता तर तो सरळच काढावा.

साहित्य थोडें लागतें. कागद जाड हवा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा असला म्हणजे पाण्यानें फारसा फुगत नाहीं. पातळ कागद असेल तर तो भिजवून फळीवर डिंकाच्या पट्टीनें चारी बाजूंनीं चिकटवावा व वाळूं द्यावा. मुख्य गोष्ट शाईची. फाउंटनपेनची नेहमींची शाई पाणी लागतांच पसरते. आम्हीं पहिल्या चित्रांत तीच वापरली, आणि रंगाचा कुंचला फिरतांच घाटावरचीं सगळीं माणसें काळ्या पुरांत वाहून गेलीं! पाण्यानें न विरघळणारी काळी शाई घ्यावी, ती आधीं कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, वरून ओला कुंचला फिरवून पाहावी, आणि मगच कामास लागावें.

फोटो कागदावर उतरविण्यास चौकटीची जुनी रीत उत्तम. ४ × ६ इंचांच्या फोटोवर एकेक इंचाच्या चौकटी आंखाव्या व ८ × १२ इंचांच्या कागदावर दोन-दोन इंचांच्या. मग एकेका घरांत जें दिसेल तेवढेंच काढीत जावें. ज्यांस एवढा धीर नसेल त्यांनीं ट्रेसिंगचा कागद ठेवून खिडकीच्या कांचेवर उजेडाला धरावा. दोन्ही रीतींत सगळें उतरवून घेण्याचा मोह टाळावा. झाडाचीं पानें मोजीत बसणाऱ्याचें झाड कधींच पुरें होत नाहीं.

रंग तीन पुरे: पिवडीसारखा पिवळा, बर्न्ट सिएना व अल्ट्रामरीन निळा. शेवटच्या दोहोंच्या मिश्रणांतून कौलांच्या छायेपासून पावसाळी ढगांपर्यंत लागतील तितके करडे रंग निघतात. जलरंगांत पांढरा रंग म्हणजे कोरा कागद, तेव्हां उजेडाच्या जागा आधींच राखून ठेवाव्या आणि फिक्याकडून गडदाकडे जावें.

आतां ती हकीकत. वाईस आमचा वाडा होता. तो १९९४ सालीं पाडला, आणि त्याच्या चौकाचा एकच फोटो घरांत उरला: ओटीवर झोपाळा, झोपाळ्यावर उघड्या अंगानें बसलेले आजोबा, पुढें चौकांत तुळशीवृंदावन. शहाऐंशी वर्षांच्या आमच्या काकूंसाठीं त्यावरून मोठें चित्र करावें असें मनांत आलें. पेन्सिलीचें काम झाल्यावर त्यांस दाखविलें. त्या म्हणाल्या, "अरे, वृंदावन इथें नव्हतें. ओटीवरून उतरलें कीं डाव्या हाताला होतें." फोटोंत तर तें उजव्या हाताला होतें. आम्हीं सर्वांनीं मिळून त्यांची समजूत घातली. फोटो खोटें कसें बोलेल? काकूंनीं वाद घातला नाहीं. पण त्यानंतर वाड्यासंबंधीं कांहींहि विचारलें कीं "मला आतां आठवत नाहीं रे" म्हणून त्या गप्प बसूं लागल्या. चाळीस वर्षें ज्यांनीं त्या तुळशीला पाणी घातलें, त्यांस आम्हीं एका कागदाच्या तुकड्यावरून खोटें पाडलें होतें.

पुढें आठ दिवसांनीं शाईचें काम काढलें. आजोबांच्या छातीवर जानव्याची बारीक रेघ ओढतांना टाक थबकला. रेघ त्यांच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीकडे जात होती. आजोबा झोपाळ्यावर अपसव्य बसले होते! पितृकर्माखेरीज जानवें कधीं डाव्या खांद्यावरून न हलविणारा तो कर्मठ गृहस्थ सुपारी कातरीत अपसव्य बसेल, हें कदापि शक्य नव्हतें. मग उलगडा झाला. प्रत काढणाऱ्यानें निगेटिव्ह उलटी ठेवली होती, आणि इतकीं वर्षें सगळा वाडा आरशांतल्यासारखा उलटा होऊन आमच्या भिंतीवर टांगलेला होता. तो फोटो शेंकडों वेळां पाहूनहि जें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, तें एक रेघ ओढावी लागल्यानें आलें.

तसेच उठून आम्ही काकूंकडे गेलों. "काकू, तुमचेंच खरें," म्हणून जानवें दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसून निरखून पाहिलें. "मग! मामंजी असे बसतील होय?" एवढेंच त्या बोलल्या. पण त्या रात्रीं जेवणानंतर न्हाणीघर कोठें होतें, परसांत पारिजातक कोणत्या कोपऱ्यांत होता, बाळंतिणीच्या खोलीस खिडकी कां नव्हती, हें सर्व त्यांनीं न विचारतां सांगितलें, आणि मुलें दहा वाजून गेले तरी उठेनात.

ट्रेसिंगचा कागद जपून ठेवला होता, म्हणून दुरुस्ती सोपी गेली. तो पालथा घालून खिडकीवर धरला कीं सगळा वाडा सुलटा झाला. पारिजातकाची फांदी फोटोंत नाहीं. काकूंनीं सांगितल्या जागीं ती भिंतीवरून डोकावतांना काढली, आणि चित्रामागें तसें लिहूनहि ठेवलें, म्हणजे पुढें कोणी फसणार नाहीं.

चित्र पुरें करून त्यांच्यापुढें ठेवलें तेव्हां त्यांनीं बराच वेळ तें मांडीवर घेतलें. मग बोट ठेवून म्हणाल्या, "झोपाळ्याच्या कड्या पितळेच्या होत्या रे. ह्या लोखंडी दिसतात." ओल्या कुंचल्यानें तेथला निळसर रंग उचलून आम्हीं पिवडीचा हात दिला.