शालेय पोषण आहारातील डाळीचे वजन आणि अंड्यांचा निधी याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

महोदय,

कोळसेवाडी, नेतिवली, कळवा, मुंब्रा या भागांतील आम्ही पालक. आमच्यातल्या अनेक आया पहाटेच कामासाठी घर सोडतात. कित्येक मुलांना दिवसाचे पहिले पोटभर जेवण शाळेतच मिळते, म्हणून हे निवेदन.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी 700 कॅलरी व 20 ग्रॅम. त्याकरिता लहान मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 23 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे निम्मी गरज या एकाच जेवणाने भागवायची आहे.

अडचण अशी की ही वजने कच्च्या धान्याची आहेत आणि शाळेत येते ते शिजलेले अन्न, तेही बहुधा मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून डब्यांत भरून. वरण तळापासून ढवळून वाढले नाही, तर पहिल्या रांगेतल्या मुलांच्या ताटात वरचे पिवळे पाणी पडते. त्या ताटात डाळ 20 ग्रॅम आहे की 10, हे कोणताही शिक्षक नुसते बघून सांगू शकणार नाही. डाळ निम्मी झाली तर प्रथिने दोन-अडीच ग्रॅमनेच घटतात, असे कागदावर दिसेल. पण भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ती उणीव डाळच भरून काढते. त्यामुळे डाळ घटली की भातातली प्रथिनेही अंगी पुरती लागत नाहीत.

म्हणून आमची मागणी आहे की, प्रत्येक स्वयंपाकगृहाने त्या दिवशी शिजवलेल्या कच्च्या डाळीचे वजन व ताटांची संख्या जेवणासोबत शाळेला लेखी कळवावी आणि शाळेने ही माहिती फळ्यावर लिहावी. डाळ मोजली जाताना शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना पूर्वसूचना न देता हजर राहता यावे. मध्यान्ह भोजन नियम, 2015 नुसार दरमहा निवडक ठिकाणच्या अन्नाचे नमुने तपासायचे असतात. ते अहवाल शाळेत लावावेत. वाढण्यासाठी एकाच मापाचा डाव सर्व शाळांना द्यावा.

अंड्यांविषयी वेगळे सांगणे भाग आहे. 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले होते. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला आणि खर्च लोकसहभागातून करावा असे शाळांना सांगण्यात आले. आमच्या वस्त्यांत लोकसहभाग म्हणजे नाक्यावर काम शोधणाऱ्या बापाकडे आणि धुणीभांडी करणाऱ्या आईकडेच वर्गणी मागणे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. अंड्यांचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करावा. तोवर दोन्ही महानगरपालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावी.

या मागण्यांवर शिक्षण विभागाचे अधिकारी, स्वयंपाकगृह चालवणाऱ्या संस्था आणि पालक यांची एकत्र बैठक येत्या पंधरा दिवसांत बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक प्रतिनिधी, कल्याण व ठाणे