पत्रादेवीला गाडी थांबली नाही

चौदा ऑगस्टच्या रात्री माझ्या भाचेसुनेने शाळेतल्या बाईंना फोन लावला. "मुलाला ताप आहे हो, उद्या झेंडावंदनाला येणार नाही." ताप आलेला नऊ वर्षांचा मुलगा तेव्हा सोफ्यावर उड्या मारत पोहायची चड्डी पिशवीत कोंबत होता. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस कळंगुट. पहाटे साडेपाचला निघायचं होतं. मी तिथंच बसले होते. ऐकलं आणि गप्प राहिले. तेव्हा पुढचं जे लिहिते आहे ते दुसऱ्यांवर जेवढं आहे तेवढंच माझ्यावरही आहे, हे आधीच सांगून टाकते.

आम्हा बेळगावकरांना गोवा म्हणजे मागचं अंगण. एरवी आम्ही चोर्ला घाटाने उतरतो. त्या वेळी तो रस्ता पावसाने उखडला होता, म्हणून आंबोली, सावंतवाडी, बांदा असे गेलो. बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागते, तेच पत्रादेवी. गाडीच्या बॉनेटवर तिरंगा फडफडत होता, आत मोठ्याने गाणी चालली होती. मुलाने काचेतून बोट दाखवून विचारलं, "पप्पा, ते काय आहे?" भाचा म्हणाला, "स्मारक आहे कसलं तरी. येताना बघू." येताना रात्र झाली होती आणि मुलगा झोपला होता.

कसलं तरी स्मारक! १९४७ च्या पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचाच झेंडा होता. तो खाली उतरायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावं लागलं. मधल्या चौदा वर्षांत पंधरा ऑगस्ट म्हणजे गोव्यात सुट्टी नव्हती, तुरुंगात जायचा दिवस होता. १९५४ साली याच तारखेला सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात तिरंगा घेऊन शिरले. १९५५ साली देशभरातून हजारो माणसं सीमेवर जमली आणि नि:शस्त्र आत चालत गेली. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं त्या एका दिवसात मेली. पत्रादेवीला पंजाबचे करनैलसिंग पडले. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या, पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. कुठं पंजाब, कुठं सागर जिल्हा! त्यांचं गोव्यात कोण होतं? आणि आमचं बेळगाव तर या लढ्याचं ठाणंच होतं. माणसं आमच्या गावात उतरली, जेवली आणि इथून सीमेकडे गेली. त्याच गावची आमची गाडी त्याच तारखेला तिथून ऐंशीच्या वेगाने गेली. बॉनेटवर झेंडा लावून!

आता कळंगुट. पावसाळ्यात तिथं पोहायला बंदी असते. जीवरक्षक वाळूत लाल झेंडे रोवून ठेवतात, कारण त्या दिवसांत समुद्र माणूस ओढून नेतो. गालावर तिरंगा रंगवलेली पाच-सहा तरुण पोरं लाल झेंड्याच्या पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. एकाच्या हातात बाटली. जीवरक्षक शिट्टी मारून मारून दमला, मग स्वतः पाण्यात उतरला. त्यातला एकजण त्याला मराठीतच म्हणाला, "अरे आज स्वातंत्र्यदिन आहे, आज कोण अडवणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण ते एकट्या त्या पोराचं नाही. स्वातंत्र्य म्हणजे मला अडवणारं कुणी नसणं, असाच अर्थ आपण घरोघरी लावून बसलो आहोत. शाळेला ताप सांगणारी आमची सून सज्जन आहे, दारूला शिवत नाही. पण 'आज कोण अडवणार' हे तिचंही म्हणणं होतं, आणि गप्प बसले म्हणजे माझंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किनाऱ्यावर फिरायला गेले. झाडणाऱ्या बायका पोत्यात बाटल्या भरत होत्या. त्यांतली एक नुसत्या काचा वेचत होती. मी विचारलं तर म्हणाली, रापण ओढणारे अनवाणी असतात, त्यांच्या पायात जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. आमच्यासारख्यांच्या घरी मासा येत नाही, पण माशावर पोट असलेल्या माणसाचा पाय आपल्या लोकांच्या काचेने कापावा, हे कुठल्या धर्मात बसतं? उघड्यावर किनाऱ्यावर दारू पिणं आणि बाटल्या फोडणं याला गोव्यात २०१९ पासून दंड आहे. २०१९ साली तो एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार असा ठरला होता. दंड भरून वर 'वसूल झालं' म्हणणारे लोकही मी पाहिले आहेत.

आम्ही घरात चातुर्मास पाळतो. पावसाळ्यात वाटेवर जीव फार, म्हणून आमचे मुनी चार महिने एका गावी थांबतात. गृहस्थाला थांबणं जमत नाही, मान्य आहे. पण बाहेर पडलोच तर आपल्या पायाखाली आणि आपल्या मागे कोण भरडलं जातंय, एवढं तरी बघावं की नाही?

मला ठाऊक आहे, काहीजण म्हणतील, "मग काय, पंधरा ऑगस्टला सुतकी तोंड करून बसायचं?" मुळीच नाही. तो आनंदाचाच दिवस आहे. गोळ्या खाल्लेल्यांना तुम्ही समुद्रावर भेळ खाल्लीत म्हणून वाईट वाटलं नसतं. मुलांनी पाण्यात पाय बुडवावेत, वाळूत किल्ले करावेत, यासाठीच तर झालं ना सगळं! दुसरे म्हणतील, "गोव्याचं पोटच पर्यटकांवर आहे, तुम्हाला काय त्रास?" पोट पाहुण्यांवर आहे. म्हणून पाहुण्याने यजमानाच्या अंगणात काचा टाकाव्यात असं कुठं ठरलंय? कळंगुट हे आधी गाव आहे. तिथं देऊळ आहे, चर्च आहे, शाळा आहे. त्या शाळेतही त्या सकाळी झेंडावंदन झालं असेल, आणि तिथल्या मुलांना ताप आलेला नव्हता.

मी काही मोठं मागत नाही. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून पंधरा ऑगस्टला गोव्याला जाणाऱ्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. मुलांचं झेंडावंदन झाल्याशिवाय निघू नये. आणि बांद्यावरून जात असाल तर पत्रादेवीला गाडी उभी करावी, गाणं बंद करावं, मुलांना खाली उतरवून सांगावं की इथं काय झालं. पंधरा मिनिटं लागतील. चहाला आपण त्याहून जास्त वेळ थांबतो.

यंदा पुन्हा जायचं ठरतंय. मी सुनेला सांगून ठेवलंय, शाळेतून आल्यावर पोहे खाऊन निघायचं, वाटेत पत्रादेवी. ती म्हणाली, "आत्या, मग कळंगुटला पोचायला दुपार होईल." होऊ दे. समुद्र संध्याकाळपर्यंत तिथंच असतो. आणि मुलाने या वेळी 'ते काय आहे' म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायला मी त्याच्या शेजारीच बसणार आहे.