आधी मोजा, मग वाटा

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, आमच्या शहराच्या नाट्यगृहात एक समारंभ होतो. व्यासपीठावर हारतुरे असतात, पाठीमागे भलामोठा फलक असतो आणि ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे ती माणसे सकाळी नवापासून पहिल्या रांगांत बसलेली असतात. पाहुणे साडेअकराला येतात. भाषणे होतात, धनादेश दिले जातात, साहित्य वाटले जाते, छायाचित्रे निघतात. आम्ही या समारंभास तीनदा गेलो आहोत. मागील खेपेस आमच्या शेजारी आमच्याच धर्मग्रामातील एक माऊली बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. दोन्ही हात त्याच्या ताब्यात नाहीत. नाव पुकारले गेले आणि त्यास मिळाली ती हाताने चालवायची तीनचाकी सायकल, तीही मोठ्या माणसाच्या मापाची! आम्ही तिला विचारले, "बाई, ही तुम्ही घेता कशाला?" ती म्हणाली, "नको म्हटलं तर पुढच्या वर्षी यादीत नाव येणार नाही." ती सायकल आज तिच्या पडवीत उभी आहे. तिच्यावर कपडे वाळत असतात.

आमच्या शहराचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की प्रश्न त्या एका कचेरीचा होतो आणि बाकीच्या कचेऱ्या सुटल्याचा श्वास सोडतात. शिवाय ज्या कारकुनाने ती यादी केली त्याच्यावर आमचा राग नाही. त्याच्यापुढे एक रक्कम होती, ती ३१ मार्चपूर्वी खर्ची पडायला हवी होती आणि कोणत्या मुलास काय हवे हे सांगणारा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता. मग त्याने काय करावे? जे बाजारात एकगठ्ठा मिळते ते घेतले आणि जे नाव हाती आले त्यापुढे टिचकी मारली. आमचा वाद त्या नसलेल्या कागदाशी आहे.

पैसा नाही, हे उत्तर आम्हांस आता कोणी देऊ नये. आपल्या राज्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, मग ती ग्रामपंचायत असो वा महापालिका, पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. ही कोणाची मेहेरबानीही नव्हे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास बारावे परिशिष्ट जोडले आणि नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा अठरा विषयांची यादी त्यात दिली. त्या यादीत नववा विषय दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा आहे आणि त्यात शारीरिक व बौद्धिक अपंगांचा स्पष्ट उल्लेख आहे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि स्मशाने यांच्याच पंक्तीला ही मुले तेथे बसविली आहेत. गटार तुंबले म्हणजे आपण नगरसेवकाच्या दारी जातो. मूल शाळेबाहेर राहिले म्हणजे मात्र आपण नशिबाला बोल लावतो.

पैसा आहे, नियोजन नाही. आणि नियोजन नाही याचे कारण मोजणी नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले हे पुष्कळांना ठाऊक असते, कारण त्यावर व्याख्याने झाली. त्याच कायद्याचे सतरावे कलम कोणी वाचून दाखवत नाही. शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी दर पाच वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांची पाहणी करावी, अपंगत्व असलेली मुले ओळखावीत, त्यांच्या गरजा काय आहेत हे ठरवावे आणि त्या कितपत भागतात हेही पाहावे, असे हे कलम सांगते. पहिली पाहणी दोन वर्षांच्या आत, म्हणजे एप्रिल २०१९ पूर्वी व्हायची होती. आम्ही आमच्या शहरात ती पाहावयास मागितली. आमच्यापुढे आली ती अपंगत्वाचा दाखला मिळालेल्यांची यादी. वाचकहो, या दोहोंतील अंतर ध्यानात घ्या. दाखल्यांची यादी सांगते की अमुक एका मुलास साठ टक्के अपंगत्व आहे. त्याला वर्गात बसण्यासाठी आधाराची खुर्ची हवी, की मोठ्या अक्षरांचे पुस्तक हवे, की त्याची वाणी मोकळी व्हावी म्हणून आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार हवा, हे ती यादी सांगत नाही. टक्क्यांवरून सायकल ठरते, शिक्षण ठरत नाही.

कायद्याच्या शब्दांतही एक फट आहे, हे आम्ही नाकारत नाही. सतरावे कलम 'शाळेत जाणारी मुले' म्हणते. जे मूल शाळेचा उंबरठाच ओलांडू शकले नाही ते या मोजणीतून निसटते. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य टाकले आहे. दोन्ही कलमे शेजारी ठेवली तर एकही मूल बाहेर राहण्याचे कारण नाही. आमच्याकडे मात्र ती दोन वेगवेगळ्या खात्यांच्या दोन कपाटांत आहेत. अपंग कल्याणाचा निधी एका मजल्यावर, शिक्षण दुसऱ्या मजल्यावर. आणि जेथे शाळा अजून जिल्हा परिषदेच्या आहेत तेथे तर शिक्षण दुसऱ्याच गावी! त्या माऊलीला महापालिकेत सांगतात, 'शाळेचा विषय आमचा नाही'; शाळेत सांगतात, 'निधीचा विषय आमचा नाही.' दोघेही खरेच बोलतात.

आता शिक्षकांकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण केली. वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबणाऱ्यांना यामुळे आधार मिळाला, हे चांगलेच झाले. पण ही पदे प्रत्येक केंद्राला एक या हिशेबाने आहेत आणि एका केंद्रात दहा-बारा शाळा सहज असतात. दहा मुलांमागे एक हे प्रमाण मुलांवरून काढलेले आहे, तर केंद्रामागे एक हे कचेरीच्या नकाशावरून. ज्या केंद्रात अशी तीन मुले आहेत तेथेही एक शिक्षक आणि जेथे चाळीस आहेत तेथेही एकच! कोठे तीन आणि कोठे चाळीस हे कोण सांगणार? पुन्हा आपण त्या न झालेल्या मोजणीपाशी येऊन थांबतो. ती झाली, तर महापालिकेला आपल्या पाच टक्क्यांतून उरलेली तूट भरून काढण्यासाठी शासनाशी बोलता येईल, शाळेत ने-आण करणाऱ्या गाडीचा मार्ग आखता येईल, प्रभागात एक साधन केंद्र उभारता येईल. सोळावे कलम वाहतुकीची सोय मागते आणि ज्यांना अधिक आधार लागतो त्यांच्या मदतनीसासाठीही ती मागते. आमच्याकडे अजून शाळेच्या दारातील उतरत्या मार्गालाच 'समावेशक शिक्षण' म्हणतात. तो उतार आम्ही पाहिला आहे. इतका उभा आहे की धडधाकट शिपाईही त्याच्या कडेने चढतो.

आणखी एक प्रकारची मुले आहेत, ज्यांचे दुःख डोळ्यांना दिसत नाही. अक्षरे ज्यांच्यापुढे जागा बदलतात, आकडे उलटतात, ती मुले हुशार असूनही दुसरी-तिसरीतच 'मठ्ठ' ठरतात. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे हे शाळेचे कर्तव्य आहे असे हाच कायदा सांगतो. प्रत्यक्षात ती कधी ओळखली जाते? नववीत, दहावीच्या सवलतींसाठी दाखला लागतो तेव्हा. मग आईबाप पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जातात. दाखला हाती येतो, लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. पण मधली सात वर्षे त्या मुलाने स्वतःस मठ्ठ मानण्यात घालविलेली असतात. ती कोणत्या सवलतीने भरून निघणार? तपासणीचे एक पथक शहरातच असते आणि ते दुसरीच्या वर्गांतून फिरते, तर त्याचा खर्च नाट्यगृहातील फलक व हारतुऱ्यांहून फार मोठा झाला नसता, असे आम्हांस वाटते.

काही सद्गृहस्थ म्हणतात, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात की! असतात, आणि त्यांतील काहींचे कार्य थोर आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून बौद्धिक अक्षम मुलांना शिकवीत आली आहे. वेगळी शाळा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. कायद्यानेही सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलास शेजारच्या शाळेत वा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पण 'पसंती' हा शब्द तेथे आहे. जेथे शेजारची शाळा घेत नाही आणि विशेष शाळा दोन तासांच्या अंतरावर आहे, तेथे पसंती कशाची करायची? घराच्या ओटीची?

येथवर आमचे पुष्कळ वाचक मान डोलावीत आले असतील. महापालिकेवर बोललेले सर्वांनाच रुचते. आता थोडे घरातले बोलू.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांचा आपणास अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण अशा मुलाचे आईबाप आपल्या शाळेच्या दारात आले, तर त्यांना काय उत्तर मिळते? 'आमच्याकडे तशी सोय नाही.' शब्द गोड असतात, वर चहाही मिळतो. पण दार मिटलेलेच राहते. अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये वगळले, हे आपल्या व्यवस्थापनांना तोंडपाठ आहे. (त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींना वाटले, हे तितकेसे पाठ नाही.) परंतु तो निकाल २००९ च्या कायद्यापुरता होता. २०१६ च्या कायद्याचे सोळावे कलम अनुदानित वा मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांकडे बोट दाखविते. आणि मान्यता तर आपल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर चौकटीत लटकत असते. अल्पसंख्य म्हणून मिळालेले संरक्षण आपल्यातीलच सर्वांत लहान अल्पसंख्येला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरावे, हे आम्हांस पटत नाही.

आणि मोजणीचे म्हणाल, तर आपल्यापाशी जी साधने आहेत ती महापालिकेपाशीही नाहीत. आम्ही आमच्या धर्मग्रामात फादरांच्या अनुमतीने एक साधा उद्योग केला. एका वर्षाची बाप्तिस्म्याची नोंदवही आणि त्यानंतर काही वर्षांनी प्रथम कम्युनियन घेतलेल्या मुलांची यादी शेजारी ठेवली. पहिल्या वहीत असलेली पण दुसरीत नसलेली नावे काढली. बहुतेक कुटुंबे स्थलांतर करून गेलेली निघाली. तीन मात्र येथेच होती. एक घर तर असे की मिस्साची घंटा त्याच्या खिडकीत ऐकू येते. तिन्ही घरांत तेच कारण होते. त्यांतील एका मुलीचे नाव शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. आपण त्या घरावरून दर रविवारी गेलो आहोत.

ही तीन नावे, आईबापांच्या संमतीने, प्रत्येक मुलास काय हवे त्याच्या तपशिलासह आम्ही प्रभाग कार्यालयात दिली आहेत. सोबत पत्र आहे. सतराव्या कलमाची पाहणी कधी होणार, पाच टक्क्यांत शाळकरी मुलांसाठी वेगळे लेखाशीर्ष काढणार काय, आणि आपल्या हद्दीतील सर्व शाळांकडून, आमच्या धर्मग्रामाच्या शाळेसुद्धा, ही माहिती मागविणार काय, असे त्यात विचारले आहे. येत्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार होईल. त्यापूर्वी उत्तर यावे अशी विनंती केली आहे. इतर धर्मग्रामांनी आपापल्या वह्या काढाव्यात आणि आपापल्या प्रभागात असेच पत्र द्यावे. नमुना हवा असल्यास तो आमच्याकडून मागवून घ्यावा.

पत्र देण्यापूर्वी ते आम्ही त्या माऊलीस वाचून दाखविले. तिने आणखी एक ओळ घालावयास सांगितली: पडवीतील सायकल अगदी नवी आहे, ज्याचे हात चालतात अशा कोणाला ती हवी असल्यास न्यावी. ती ओळ आम्ही शेवटी जोडली आहे. पत्राची पोच आमच्याकडे आहे.