धावणारी इंग्रजी, चालणारी मराठी

आमच्या सीमाभागात मराठीच्या काळजीने झोप न येणारी माणसे पुष्कळ. त्यांतलाच मी एक. पण आमचा सारा पहारा कानडीवर. पोराच्या बोलण्यात एखादा कानडी शब्द आला की ‘भाषा बाटली’ म्हणून आम्ही कपाळावर हात मारतो. चोर मात्र दुसऱ्याच दाराने येतो आहे, आणि त्याला आम्ही पाट मांडून बसवतो आहोत.

परवा नात इंग्रजीचा गृहपाठ करीत होती. ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ या वाक्याखाली तिने लिहिले होते, ‘आम्ही साखरेच्या बाहेर धावलो.’ मला हसू आवरेना. ती हिरमुसली. म्हणाली, ‘‘आजोबा, रन म्हणजे धावणेच ना?’’

चूक तिची नव्हती. ‘साखर संपली’ हे ती घरात नेहमी ऐकते. पण ते आणि हे एकच, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही. शब्दापुढे शब्द ठेवला की भाषांतर झाले, एवढीच शिकवण.

इंग्रजीला धावण्याचा भारी सोस. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ आहेत. तिचे नाक धावते, नळ धावतो, दुकानही धावते. आपले नाक वाहते, नळ वाहतो, दुकान चालते. ‘रन इनटू’ म्हणजे वाटेत अचानक गाठ पडणे. ‘रन ऑफ द मिल’मध्ये कोणीच पळत नाही, गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल, म्हणजेच चारचौघांसारखा. सशाबरोबर धावून शिकारी कुत्र्यांचीही साथ करणाऱ्याला आपण ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणारा’ म्हणतो. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडातला उभा राहतो. आपलाही उभाच राहतो.

आणि जिचा आपण एवढा धसका घेतला, ती कानडी? तिथेही उमेदवार निवडणुकीला ‘निल्लु’तो, म्हणजे उभाच राहतो, ‘अंगडी नडेयुत्तदे’, म्हणजे दुकान चालतेच. शेजारीण आपल्याच चालीने चालते आहे, आणि आपण तिलाच घुसखोर ठरवतो!

इंग्रजी शिकू नका, असे माझे म्हणणे नाही. नीट शिका, एवढेच म्हणणे आहे. वाक्प्रचारांच्या याद्या पोरांकडून घोकून घेण्याऐवजी प्रत्येकापाशी थांबून विचारा, ‘हे आपल्या घरात कसे म्हणतात? शेजारच्या कानडी घरात कसे म्हणतात?’ याला शाळा लागत नाही, शिकवणी लागत नाही. रात्रीच्या जेवणाची दहा मिनिटे पुरतात. तेवढीही आपण देणार नसू, तर मराठीच्या नावाने गळा काढण्याचा आपल्याला अधिकार नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी शब्दाला शब्द ठेवणाऱ्याची धाव पहिल्या अर्थापर्यंत. आपल्या पोरांना त्या कुंपणावर आपणच बसवले आहे. उतरवायचेही आपणच.